मजल्याचे घर

'फ्लॅट' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की छोट्या जाहिरातींपासून लग्नाच्या बैठकीपर्यंत तो कुठेही उपरा वाटत नाही. त्याचे मूळ विचारले तर 'इंग्रजी' असे उत्तर येते आणि विषय संपतो. पण राहण्याची जागा या अर्थाने हा शब्द खुद्द इंग्रजीनेही उसनाच घेतलेला आहे. तो आला स्कॉट्समधून. स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागाची भाषा. डोंगराळ भागातल्या गेलिकपेक्षा ती अगदी वेगळी, इंग्रजीची सख्खी बहीण. पंधराव्या-सोळाव्या शतकांत राजदरबार, न्यायालये आणि नगरे यांचा कारभार तिच्यात चालत असे. या भाषेत 'फ्लेट' असा एक साधा, घरगुती शब्द होता. आधी पायाखालची जमीन, मग घराचा आतला भाग, मग मजला आणि शेवटी मजल्यावरचे घर, असा त्याचा प्रवास झाला. कोशकार हा प्रवास दोन ओळींत उरकतात, आणि ते त्यांच्या कामाला धरूनच आहे. इतिहासाला मात्र त्यात एक प्रश्न सापडतो. हाच शब्द जुन्या इंग्रजीतही होता. तिथे तो मेला, स्कॉटलंडमध्ये जगला आणि काही शतकांनी पाहुणा म्हणून इंग्रजीत परतला. असे का व्हावे? इमारतींच्या उंचीत याचे उत्तर शोधण्याची रीत आहे. मला ते मालकीच्या पद्धतीत दिसते. मजला हेच एक पुरे घर असू शकते, त्याला स्वतंत्र दार, स्वतंत्र मालक आणि स्वतंत्र खरेदीखत असू शकते, ही गोष्ट ज्या समाजात रोजच्या व्यवहाराची झाली, त्यालाच या शब्दाची गरज उरली.

सुरुवात जमिनीपासून करू. जुन्या इंग्रजीत 'फ्लेट' म्हणजे मेजवानीच्या मोठ्या दालनाची जमीन, आणि त्यावरून ते दालनही. 'बेओवुल्फ' या काव्यात तो याच अर्थाने येतो. ज्या आदिम धातूपासून तो निघाला त्याच धातूची संस्कृतातली लेकरे म्हणजे 'पृथु' आणि 'पृथ्वी'. तेव्हा नाते लांबचे असले तरी आपल्याशीही आहे. पण माझ्या मुद्द्याला काव्यापेक्षा कायदा अधिक उपयोगी पडतो. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात केंटमध्ये ह्लोथहेरे आणि एड्रिक या राजांच्या नावाने एक छोटी कायदेसंहिता तयार झाली. एखाद्याने दुसऱ्याच्या फ्लेटवर कुणाला खोटी शपथ घेणारा म्हटले, तर ज्याचा तो फ्लेट आहे त्याला एक शिलिंग द्यावा, असे तिच्यात सांगितले आहे. ज्याचा अपमान झाला त्याची भरपाई निराळी. पिण्याची बैठक चालू असताना कुणी शस्त्र उपसले आणि कुणालाच इजा झाली नाही, तरी फ्लेटच्या मालकाचा शिलिंग चुकत नाही. आणि फ्लेट रक्ताने माखला तर मालकाची भरपाई वाढतेच, शिवाय राजाला पन्नास शिलिंग मोजावे लागतात. भांडण झाले दोन पाहुण्यांचे आणि दंड मिळतो तो यजमानाला. म्हणजे फ्लेट ही आता नुसती चोपलेली माती किंवा फळ्या राहिलेली नाही. कुणाच्या तरी अखत्यारीतली जागा, जिच्यात पाऊल टाकणाऱ्याने वागणूक सांभाळायची, असा अर्थ तिला चिकटला आहे. शब्दाच्या पोटात मालकी शिरली ती इतक्या लवकर.

स्कॉटलंडच्या नगरांत हा शब्द दिसतो तो हेच वजन घेऊन. राजा डेव्हिड पहिला याच्या कारकिर्दीत (११२४ ते ११५३) तिथे सनदी नगरे वसली. या नगरांचे म्हणून सांगितले जाणारे जुने कायदे आधी लॅटिनमध्ये होते, पुढे ते स्कॉट्समध्ये उतरवले गेले. नगरवासी मेल्यावर त्याच्या विधवेने कुठे राहायचे हा प्रश्न त्यांत येतो, तेव्हा घराचा आतला भाग तिच्याकडे राहतो आणि त्या भागाला 'फ्लेट' हे नाव दिलेले आहे. लॅटिन मजकुरातही हा देशी शब्द तसाच ठेवला आहे, कारण वाद पडला असता तो नगरातल्या लोकांना याच नावाने कळणार होता. स्कॉटलंडच्या साध्या घराचे 'बट' आणि 'बेन' असे दोन भाग मानत, एक बाहेरचा आणि एक आतला. फ्लेट तो आतला. उत्तरेकडे 'फायर अँड फ्लेट' ही शब्दजोडीही रूढ होती. विस्तव आणि निवारा, म्हणजे घरात ठेवून घेतलेल्या माणसाला जे किमान द्यायचे ते. यॉर्कशरच्या एका प्रसिद्ध प्रेतजागरणाच्या गाण्यात ही जोडी अजून टिकून आहे, फक्त मूळ शब्द विसरल्यामुळे गाणाऱ्यांनी त्याचा उच्चार बिघडवला आहे. पण मला विधवेचे कलम जास्त बोलके वाटते. छप्पर एक, भिंती त्याच, आणि आत दोन हक्कदार. घराचे आडवे-उभे तुकडे पाडून त्यांतल्या एकाला 'हे तुझे घर' म्हणता येते, ही कल्पना त्या कलमात अगदी कच्च्या रूपात का होईना, हजर आहे.

इथे पहिला आक्षेप येणार. 'सपाट' या अर्थाचे 'फ्लॅट' हे विशेषण नॉर्स भाषेतून इंग्रजीत आले होते. मजला सपाट असतो, म्हणून त्याला फ्लॅट म्हणाले, यात एवढा इतिहास कशाला? विशेषणाचा परिणाम मी नाकारत नाही. 'फ्लेट'चा 'फ्लॅट' झाला तो त्या विशेषणाच्या ओढीने, हे कोशकारांनाही मान्य आहे. पण तेवढ्याने काम भागत असते, तर हा अर्थ लंडनमध्ये आधी उगवायला हवा होता. विशेषण तिथे शतकानुशतके होते, मजल्यांची घरेही होती. लंडनकर मजल्याला 'फ्लोअर' किंवा 'स्टोरी' म्हणत राहिले आणि एकाही मजल्याला घर म्हणायची पाळी त्यांच्यावर आली नाही. दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. घराचा आतला भाग कुठे आणि वरचा मजला कुठे? या दोन अर्थांना जोडणारा दुवा मी नगरातल्या घराच्या रचनेत पाहतो. रस्त्याला लागून दुकान किंवा कारखाना, त्यामागे राहती जागा, अशी मूळ मांडणी. चिंचोळ्या जागेत इमारत चढू लागली तशी राहती जागा मागून वर गेली आणि रस्त्यावरून थेट पहिल्या मजल्यावर नेणारा बाहेरचा जिना आला. जे 'आत' होते ते 'वर' झाले. शब्द मात्र राहत्या जागेसोबत गेला, दिशेसोबत नाही. हा तर्क आहे, पण घरांची रचना त्याच्या बाजूने उभी आहे.

आता एडिंबरा. किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत सुमारे मैलभर उतरत जाणारा खडकाळ कणा, त्यावर एकच मोठा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यांसारख्या निघालेल्या अरुंद बोळी, त्यांना म्हणतात 'क्लोज' आणि 'वाइंड'. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा आणि सैन्य कापले गेल्यावर शहराने घाईने तटबंदी वाढवायला घेतली. या तटामुळे शहराला पसरायला जागा उरली नाही, म्हणून ते उंच झाले, हे प्रत्येक वाटाड्या सांगतो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. जेम्स गॉर्डन ऑफ रॉथिमे याने १६४७ मध्ये काढलेला शहराचा विहंगम नकाशा पाहिला तर तटाच्या आत बोळींच्या मागे चक्क बागा दिसतात. तट यॉर्कलाही होता. तिथे घरे बुटकीच राहिली. आणि ग्लासगोचे काय? त्या शहराला धड तट कधी नव्हताच. एकोणिसाव्या शतकात ते आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीवर वाटेल तसे पसरले, आणि पसरताना त्याने बांधल्या त्या तीन-चार मजली दगडी इमारतीच, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन घरे असलेल्या. मोकळी जमीन हाताशी असताना लोक मजल्यावर राहणे पसंत करतात तेव्हा तटाचा खुलासा पुरत नाही. अर्थशास्त्राचा इतिहास लिहिणारे इथे 'फ्यू' पद्धतीकडे बोट दाखवतात: जमीन देणारा दरवर्षी ठरलेली रक्कम कायमची वसूल करी, त्यामुळे बांधणारा तेवढ्याच जमिनीवर जास्तीत जास्त घरे चढवी. हा खुलासा मला पटतो. मात्र तो पुन्हा आपल्याला दगडमातीकडून कागदपत्रांकडेच आणतो.

कागदपत्रांत कोणते शब्द आहेत हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे. एडिंबरामध्ये अख्ख्या इमारतीला 'लँड' म्हणत. लॉनमार्केट भागात 'ग्लॅडस्टोन्स लँड' अजून उभी आहे, सहा मजली, चिंचोळी. टॉमस ग्लेडस्टेन्स या व्यापाऱ्याने ती १६१७ मध्ये विकत घेतली, पुढे रस्त्याच्या अंगाला वाढवली, एका मजल्यावर स्वतः राहिला आणि बाकीचे भाड्याने दिले. आतल्या लाकडी छतावर फुलाफळांची रंगीत चित्रे आहेत आणि त्यांत १६२० हे साल. १६३४ ते १६३६ या वर्षांत शहराने घरभाड्यांवर कर बसवण्यासाठी यादी केली, तिच्यात या इमारतीतली बिऱ्हाडे सापडतात: विल्यम स्ट्रदर हे धर्मोपदेशक, सर जेम्स क्रिक्टन हे सरदार, जॉन रिडक हा व्यापारी आणि जेम्स निकलसन हा व्यापारी संघाचा अधिकारी. एक जिना, चार प्रकारची माणसे. पण अशा नोंदींत राहत्या जागेला 'हाउस' म्हटलेले असते, फ्लेट नाही. मग शब्द होता कुठे? मला वाटते, या अडचणीतच पुरावा दडला आहे. स्कॉट्समध्ये 'घर' हा शब्द इमारतीला लावायची गरज पडत नव्हती, कारण इमारतीला 'लँड' होते. 'घर' म्हणजे एका जिन्यावरचा, एका दारामागचा भाग. लंडनच्या कारकुनाने 'हाउस' लिहिले की पायापासून छपरापर्यंतची पूर्ण वास्तू समजायची, एडिंबराच्या कारकुनाने लिहिले की तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्याही समजता येत. सरकारी लेखणीला एवढे पुरे होते. 'फ्लेट', 'फ्लॅट' हा बोलण्यातला शब्द, मजला दाखवणारा. लेखी इंग्रजीत तो डोके वर काढतो अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीस, म्हणजे स्कॉट लोक इंग्रजी वाचकासाठी लिहू लागले आणि त्यांना आपले 'हाउस' समजावून सांगणे भाग पडले तेव्हा. जुन्या स्कॉट्सच्या मोठ्या कोशाचे काम १९३१ मध्ये छापून यायला लागले आणि बाराव्या खंडासह २००२ मध्ये संपले. एवढ्या चिकाटीनेही हाती येतो तो लिहिलेला शब्द. जिन्यात बोललेला शब्द बहुतेक वेळा हवेतच राहतो.

मालकीचा मुद्दा सिद्ध करायला मात्र हवेवर विसंबायचे कारण नाही. १६८१ मध्ये जेम्स डॅल्रिंपल, व्हायकाउंट स्टेअर, यांचा स्कॉटलंडच्या कायद्यावरचा महाग्रंथ निघाला. (त्यांच्या पदवीतला 'स्टेअर' हा एअरशरमधल्या एका गावाचा आहे. इथल्या विषयाशी जुळतो तो निव्वळ योगायोग.) एकाच इमारतीचे भाग वेगवेगळ्या मालकांकडे असतील तर काय, हा प्रश्न त्यांनी घेतला आहे. त्यांचे उत्तर असे: अशी वाटणी कधीच पुरी होत नाही, कारण छप्पर दोघांनाही छप्परच राहते आणि जमीन दोघांनाही तोलून धरते. म्हणून खालच्या मालकाने आपला भाग वरच्याचा पाया म्हणून सांभाळायचा आणि वरच्याने आपला भाग खालच्याचे आच्छादन म्हणून. रोमन कायद्याचे संस्कार घेतलेल्या विद्वानाने हे लिहावे यात गंमत आहे, कारण जमिनीवर उभे असलेले सगळे जमीनमालकाचे, हे रोमन कायद्याचे तत्त्व. ते तत्त्व नेटाने लावले तर तिसऱ्या मजल्याला स्वतंत्र मालक असूच शकत नाही. स्टेअर तत्त्वाशी झटापट करत नाहीत. लोक मजले विकत घेतात, विकतात, वारसांना ठेवतात, ही वस्तुस्थिती ते गृहीत धरतात आणि तिच्यातून निघणारी कर्तव्ये सांगतात. याचा अर्थ व्यवहार आधीपासून मुरलेला होता, शास्त्र मागून आले. पुढे त्यातून नियमांची घडी बसली: वेगळे काही लिहून ठेवलेले नसेल तर सगळ्यात वरच्या मजल्याच्या मालकाचे छप्पर, सगळ्यात खालच्याची जमीन, जिना सर्वांचा, आणि दुसऱ्याच्या आधाराला धक्का लागेल असे काही करायला कुणालाच मुभा नाही.

इंग्लंडमध्ये हे जमले नाही. तिथल्या कायद्याने मजल्याच्या मालकीवर बंदी घातली होती असेही नाही. अडचण जास्त नाजूक होती. आज वरच्या मजल्याच्या खरेदीदाराने छप्पर नीट ठेवायचे कबूल केले, तरी उद्या त्याने जागा विकली की नव्या खरेदीदाराला ती कबुली बांधत नाही. १८८५ च्या ऑस्टरबेरी खटल्याने हे तत्त्व पक्के केले. गळक्या छपराखाली आयुष्य काढायची तयारी कोण दाखवील? म्हणून इंग्लंडमध्ये मजल्यावरची जागा विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची वाट धरली गेली, आणि खरा मालक खाली जमिनीला चिकटून राहिला. लंडनच्या सभ्य कुटुंबाने तळघरापासून माळ्यापर्यंतचे उभे घर घ्यायचे, ऐपत नसेल तर दुसऱ्याच्या घरात 'खोल्या' घ्यायच्या, ही तिथली रीत. खोल्या म्हणजे पोटभाडेकरूपण. तिथे 'फ्लेट' हा जुना शब्द मेला तो मजले कमी पडल्यामुळे नव्हे. मजल्याला घर म्हणण्याचा प्रसंगच येत नसे म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आणि नंतर इतरत्र मजल्यामजल्यावर स्वतंत्र बिऱ्हाडांच्या इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा त्या वस्तूला नाव हवे झाले आणि उत्तरेकडून आलेला शब्द हाताशी होता.

रोम आणि पॅरिस यांचे काय, असे विचारले जाईल, आणि ते रास्त आहे. प्राचीन रोममध्ये बहुमजली 'इन्सुला' होत्या, पॅरिस शतकानुशतके मजल्यावर राहत आले आहे, आणि नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेत मजले वेगवेगळ्या मालकांचे असतील तर दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा याचे कलमही होते. स्कॉटलंडने ही कल्पना शोधली असा दावा मी करत नाही. फ्रान्सशी त्या देशाचे जुने सख्य होते आणि एडिंबराचे वळण लंडनपेक्षा पॅरिसला जवळचे होते असे म्हणायला जागा आहे. उलट फ्रान्सचे उदाहरण माझ्या म्हणण्याला बळच देते, कारण तिथेही कायदा आणि राहणी यांची जोडी होती आणि त्यांच्या भाषेतही त्यासाठी स्वतःचा शब्द होता. इंग्रजीला दोन्ही दारे उघडी होती. अमेरिकेने फ्रेंच वळणाचा 'अपार्टमेंट' उचलला, लंडनने स्कॉट्स 'फ्लॅट'.

या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. एकाच जिन्यावर सरदार, उपदेशक आणि शिंपी राहत, म्हणून जुन्या एडिंबरात उच्चनीच कमी होते, असे चित्र रॉबर्ट चेंबर्सच्या १८२० च्या दशकातल्या आठवणवजा पुस्तकापासून रंगवले गेले. मला त्यात स्मरणरंजनाचा वाटा मोठा दिसतो. एकाच जिन्यावर राहत हे खरे, पण कोण कोणत्या मजल्यावर हे ठरलेले होते. रस्त्याची दुर्गंधी आणि छपराची गळती दोन्हींपासून लांब असे मधले मजले पैसेवाल्यांचे. तळघर आणि पोटमाळा गरिबांचा. दुर्गंधी ही नुसती शब्दयोजना नव्हे. रात्री ठरल्या वेळी वरच्या खिडक्यांतून मैला खाली ओतत, आणि १४ ऑगस्ट १७७३ च्या रात्री इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन एडिंबराच्या रस्त्यावरून चालताना अंधारातही शहराचा वास येतोय असे आपला स्कॉट मित्र बॉझवेल याच्या कानात पुटपुटला. नवे शहर बांधायचे ठरले आणि जेम्स क्रेगचा आराखडा १७६७ मध्ये मंजूर झाला, तशी ऐपतदार कुटुंबे त्या वाटेला लागली. शेजारधर्माचे प्रेम त्यांना थांबवू शकले नाही. मागे राहिलेल्या इमारतींचे तुकड्यांचे तुकडे झाले. मालकी जितकी वाटली गेली तितकी अख्ख्या इमारतीची काळजी कुणाचीच राहिली नाही. २४ नोव्हेंबर १८६१ च्या पहाटेपूर्वी हाय स्ट्रीटवरची सुमारे अडीचशे वर्षांची एक इमारत कोसळली आणि ३५ माणसे गेली. पुढच्याच वर्षी शहराने हेन्री लिटलजॉन यांना आपले पहिले आरोग्याधिकारी नेमले. ग्लासगोने १८६२ च्या पोलीस कायद्याखाली वेगळाच उपाय काढला: लहान घरांची घनफुटांत मोजणी करायची, दर प्रौढामागे ३०० घनफूट धरून किती माणसे झोपू शकतात ते काढायचे आणि तो आकडा कोरलेला पत्र्याचा बिल्ला दारावर ठोकायचा. रात्री निरीक्षक येऊन डोकी मोजत. मजल्याच्या मालकीचा इतिहास लिहायचा तर हा बिल्लाही त्यात धरला पाहिजे.

मुंबईशी या कथेचा एक धागा जेम्सेस कोर्ट या एडिंबराच्या चौकातून येतो. चौकातून आत शिरले तर तळमजला वाटावा आणि मागच्या खिडकीतून डोकावले तर आपण कितीतरी मजले वर, अशी ही उतारावरची इमारत. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७६२ मध्ये इथे मजल्यावरचे घर घेतले, पुढे बॉझवेल इथे राहायला आला आणि जॉन्सन त्याच्याकडेच उतरला. शंभरेक वर्षांनी हा चौक गरिबांची वस्ती झाला होता, तेव्हा १८८७ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडिस पत्नीसह मुद्दाम तिथे राहायला गेले आणि एकेक घर दुरुस्त करत, पाडापाडी टाळत वस्ती सुधारता येते हे त्यांनी दाखवले. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. जुन्या गल्ल्या सरसकट उडवणाऱ्या नगररचनेला त्यांनी इथे विरोध केला त्यामागे एडिंबराचे ते जिने होते. पण 'फ्लॅट' हा शब्द मुंबईत गेडिस यांनी आणला असे कुणी म्हणू नये. तो आला लंडनच्या इंग्रजीतून, आणि येताना भाड्याचा अर्थ घेऊन आला. बॅकबे आणि मरीन ड्राइव्हच्या नव्या इमारतींतले फ्लॅट भाड्याचे होते. मराठी मध्यमवर्ग तर कितीतरी वर्षे 'ब्लॉक' म्हणत असे: चाळीतली खोली सोडून ब्लॉकमध्ये गेले. सहकारी सोसायट्या वाढल्या आणि जागा विकत मिळू लागली तेव्हा भाड्याच्या व पागडीच्या जागेपासून ती वेगळी ओळखता यावी म्हणून 'ओनरशिपचा फ्लॅट' असे म्हणावे लागले. स्कॉट माणसाला ही जोड अनावश्यक वाटली असती. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावातसुद्धा 'ओनरशिप फ्लॅट्स' हे दोन शब्द शेजारी बसवलेले आहेत. आणि जमिनीचे अभिहस्तांतरण अडकल्यामुळे वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या सोसायट्यांना फ्लॅट आपला असूनही खालची जमीन आपली नसण्याचा अर्थ वेगळा समजावून द्यायला नको.

स्कॉटलंडने आपले जुने नियम लिहून काढले ते फार उशिरा. २००४ च्या इमारतविषयक कायद्याने छपराच्या दुरुस्तीचा बोजा एकट्या वरच्या मालकावरून काढून सर्वांवर वाटला, आणि तो २८ नोव्हेंबर २००४ पासून लागू झाला, त्याच दिवशी स्कॉटलंडमधली सरंजामी जमीनधारणाही अधिकृतपणे संपली. या कायद्यात इमारतीची व्याख्या करताना दोन अटी आहेत: आतले फ्लॅट वेगवेगळ्या मालकीचे असावेत किंवा तसे योजलेले असावेत, आणि ते एकमेकांपासून आडव्या रेषेत विभागलेले असावेत. 'फ्लॅट' या शब्दाचा अर्थही दिला आहे, आणि तो मला या सगळ्या पुराव्यातला सर्वांत ठोस तुकडा वाटतो. त्या व्याख्येनुसार फ्लॅट राहण्यासाठीच असायला हवा असे नाही, दुकानही चालेल. तो एकाच मजल्यावर असायला हवा असेही नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यातही दुकान आणि गोदाम फ्लॅटच्या व्याख्येत बसतात. जमीन गेली, मजला गेला, चूल आणि बिछानाही गेला. कायद्याच्या लेखी त्या शब्दात उरली ती एका मालकाच्या अखत्यारीतली जागा, केंटच्या राजांनी शिलिंगाचा दंड ठरवताना धरली होती तेवढीच.